घरी केलेले स्टिकर : एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

डायरीसाठी स्टिकर घरी करावेत का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'हो'च आहे. फक्त ते कशाने करता यावर पुढचं सगळं ठरतं. मी दिवाळीनंतर हे सुरू केलं, तीन पद्धतींचे स्टिकर एकाच डायरीत लावले आणि लातूरचा मे महिना आणि त्यामागचा पावसाळा त्यांच्यावरून जाऊ दिला. व्हिडिओत स्टिकर ताजा असताना कसा दिसतो तेवढंच कळतं. इतक्या महिन्यांनी पान उलटल्यावर काय उरलेलं असतं, ते इथे लिहिते.

आधी घरीच का, ते सांगते. दुकानातल्या शीटवर कॉफीचे कप असतात, चेरीची फुलं असतात, आयफेल टॉवर असतो. मला डायरीत येळवस हवी होती. मार्गशीर्ष अमावस्येच्या या सणाला लातूर-धाराशिवकडची गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप म्हणजे छोटी खोपटी, आंबिलीचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे, यातलं काहीही तयार स्टिकरवर मला आजवर दिसलेलं नाही. पैठणीच्या काठावरची मुनियाही नाही. ती काढायला सोपी जावी म्हणून आलेखाची वही घ्या. पैठणीची नक्षी मुळात उभ्या-आडव्या धाग्यांवर बसलेली, त्यामुळे चौकोन मोजत चोच, पोट, शेपूट भरत गेलं की पक्षी आपोआप जमतो. आसावलीची वेलही अशीच उतरते.

आता पद्धती. पहिली सगळ्यांना माहीत असलेली : इंकजेट प्रिंटर आणि ए-फोर स्टिकर शीट. पहिले दोन महिने हेच स्टिकर सगळ्यांत देखणे होते. उन्हाळ्यात कडेने गोंद पाझरला, त्यावर धूळ बसून प्रत्येक चित्राला काळपट किनार आली आणि समोरासमोरची दोन पानं एकमेकांना धरून बसू लागली. साध्या इंकजेटची शाई पाण्यात विरघळणारी असते. ओल्या बोटाचा स्पर्श झाला तरी रंग पसरतो. पिगमेंट शाईचा प्रिंटर असेल तर रंग जास्त टिकतात, पण फक्त यासाठी तो विकत घ्या असं मी म्हणणार नाही. आणि इंकजेटची चकचकीत शीट लेझर प्रिंटरमध्ये कधीच घालू नका. आतल्या उष्णतेने तिचा थर वितळून रोलरला चिकटू शकतो.

दुसरी पद्धत मला मनापासून आवडली, कारण तिला लागतं ते सगळं आपल्या गल्लीत मिळतं. लातूरला शिकवण्यांच्या भागात झेरॉक्सची दुकानं पावलापावलावर आहेत. आपलं रेघांचं चित्र द्यायचं आणि म्हणायचं, "काका, जरा डार्क काढा." झेरॉक्सची काळी पूड, म्हणजे टोनर, हे एक प्रकारचं प्लास्टिक असतं आणि उष्णतेने ते कागदावर बसवलेलं असतं. पाण्याने ते हलत नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. चित्रावर ४८ मिमीची पारदर्शक पॅकिंग टेप लावायची, चमच्याच्या पाठीने नीट घोटायची, कापून कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवायची. मग मागचा कागद बोटाने हलकेच चोळायचा. शेवयांसारख्या वळ्या निघत जातात आणि चित्र टेपवर राहतं. अक्षरं उलटी होत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट पाहा. टेप ओली असताना ती काचेसारखी दिसते आणि काम झालं असं वाटतं. सुकली की राहिलेले कागदाचे तंतू पांढुरके धुकं धरतात. तसं दिसलं तर पुन्हा भिजवून पुन्हा चोळायचं, नखाने मात्र नाही, रेघ उचलली जाते. पूर्ण सुकल्यावर टेपचा चिकटपणा बराचसा परत येतो. पण जिथे टोनर आहे तिथे गोंद झाकलेला असतो, म्हणून भरीव काळं चित्र पानावर धरत नाही. रेघांचंच काढा, म्हणजे मधल्या मोकळ्या जागा चिकटतात. माझ्या डायरीतले हे स्टिकर दोन्ही ऋतूंत हलले नाहीत. कोपरे गोल कापले तर आणखी चांगलं, टोकदार कोपरा आधी उचलतो. हे स्टिकर पारदर्शक असल्यामुळे खालचा मजकूर दिसत राहतो. शेताच्या हिशेबाच्या ओळींवर कोपीचं चित्र बसवलं की पान फार सुंदर दिसतं.

लगेच लावायचे नसतील तर ते ठेवायला मेणचट पाठीचा कागद लागतो. कुरिअरच्या लेबलांची, जुन्या स्टिकर शीटची पाठ फेकू नका. बटर पेपर घेणार असाल तर आधी टेपचा तुकडा लावून ओढून पाहा. स्वच्छ निघाला तर कागद कामाचा, तंतू घेऊन आला तर नाही.

तिसरी पद्धत डिंकाची, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. १८४० साली ब्रिटनमध्ये निघालेल्या पहिल्या पोस्टाच्या तिकिटाचं तत्त्व हेच : मागे वाळलेला चिकट थर, ओला केला की धरतो. आपल्याकडे बांधाबांधावर बाभूळ आहे. काष्ठौषधीच्या दुकानात बाभळीचा डिंक मागा. गोंद कतीरा नको, तो पाण्यात विरघळत नाही, फुगून जेली होतो. एक भाग डिंकाला दोन भाग कोमट पाणी, रात्रभर भिजवून सकाळी मलमलीतून गाळायचं. त्यात दोन थेंब ग्लिसरीन घाला, म्हणजे वाळलेला थर तडकत नाही. एक थेंब लवंगेचं तेल घातलं तर बुरशीही लवकर येत नाही. साध्या कागदावरच्या रंगीत चित्रामागे ब्रशने एक पातळ हात, तो वाळला की दुसरा.

उन्हाळ्यात हे काम झटपट होतं, पण कागद वाळताना जोरात वळतो. थर पूर्ण वाळला की बटर पेपरात घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवला तर सरळ होतो. पावसाळ्यात उलटी अडचण. हवेतल्या ओलाव्याने डिंक चिकट होतो आणि डबीतले स्टिकर एकमेकांना बिलगतात. मध्ये बटर पेपर घालून, सिलिका जेलची पुडी ठेवून मी ते वाचवले. एकदा पानावर बसलेला स्टिकर मात्र पानाचाच भाग होऊन जातो. कडा काळ्या पडत नाहीत, पान फुगत नाही, रंगही माझे मी लावलेले. लग्नपत्रिकेवरून कापून घेतलेल्या गणपतीला हा डिंक पुरत नाही, जाड पुठ्ठा कडेने उठतो. त्याला दोन्हीकडून चिकटणारी टेपच हवी.

खर्च दोन्ही देशी पद्धतींना नगण्य आहे. वेळ लागतो, आणि मला तो द्यावासा वाटतो.

स्टिकरवर लिहायचं असेल तर टेपवर जेल पेन वाळत नाही, पुसला जातो. तिथे सीडीवर लिहायचं मार्कर घ्या. डिंकाच्या कागदावर कुठलंही पेन चालतं, शाईचंसुद्धा, फक्त स्टिकर ओला करायच्या आधी लिहून शाई वाळू द्या.