सात खळग्यांचा बिडाचा तवा: गुरुवारच्या प्लेत्तारसाठी

स्वीडनमध्ये गुरुवार म्हटला की पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि मग पॅनकेक. शाळेत, सैन्यात, दुपारच्या खानावळींत हाच बेत. पूर्वी कॅथलिक लोकांचा शुक्रवारी उपास असे, म्हणून आदल्या दिवशी पोटभर जेवून घ्यायचे, असं सांगतात. उपास गेला, सूप राहिलं. सूप मी सरळ तयार आणते. प्लास्टिकच्या जाड नळीत मिळतं, वरून मोहरीची पेस्ट घातली की भागतं. पॅनकेक मात्र घरचेच. ते छोटे हवे असतील, म्हणजे प्लेत्तार, तर हा तवा लागतो. त्याला म्हणतात प्लेत्तलाग.

मधे एक आणि भोवती सहा, असे सात खळगे. आप्पेपात्रासारखे खोलगट नाहीत बरं का. तसं पात्र शेजारच्या डेन्मार्कात असतं, एबलस्किवर नावाच्या गोल, फुगीर पॅनकेकसाठी. इथले खळगे उथळ, तळाशी सपाट. त्यामुळे प्लेत्तार कडेला कुरकुरीत आणि मधे लुसलुशीत होतो. साध्या तव्यावर छोटे पॅनकेक घालता येतात, पण ही कड येत नाही. पैसे त्या कडेचे.

माझ्याकडे दोन आहेत: एक दुकानातला नवा, एक जुन्या बाजारातला. जुना उजवा, आणि बराच उजवा. त्याचे खळगे वापरून वापरून गुळगुळीत झालेत, पातळ उलथनं सहज खाली सरकतं. नवा अजून खरखरीत आहे. कितीही तेल पाजलं तरी प्लेत्तार एका बाजूने धरून ठेवतो. मात्र जुना घेताना उलटा करून बघा. काहींच्या तळाला उंच कडं असतं. काचेच्या शेगडीवर ते कडं तेवढं टेकतं, बाकी तवा अधांतरी, मग तापणार कसा?

पीठ नेहमीचंच: अडीच डेसीलीटर मैदा (एक डेसीलीटर म्हणजे 100 मिली), अर्धा छोटा चमचा मीठ, 6 डेसीलीटर दूध, 3 अंडी. आधी निम्म्याच दुधात मैदा फेटायचा, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. 3 मोठे चमचे लोणी वितळवून पिठातच घालायचं आणि अर्धा तास विसरून जायचं. तवा मध्यम आचेवर निवांत तापवा. बीड उशिरा तापतं, आणि एकदा तापलं की आवरत नाही. इंडक्शनवर मधला खळगा सगळ्यांत आधी करपतो, म्हणून तो शेवटी भरायचा आणि आधी उलटायचा. लोण्याचा फेस बसून खमंग वास सुटला की पीठ सोडा, खळग्यात जेमतेम मोठा चमचाभर. वर स्ट्रॉबेरीचा जॅम आणि फेटलेली साय. मेपल सिरप कृपा करून नको.

धुताना साबण टाळा, लगेच पुसा, नाहीतर सकाळी गंज हजर. ओतीव दांडा हात भाजतो. जाड फडकं हाताशी हवंच.

मोठी तक्रार एकच. एका वेळी सातच निघतात आणि खाणारे थांबत नाहीत. करणारी शेगडीपाशी उभी, बाकीचे टेबलाशी. दोघातिघांसाठी जरूर घ्या. पाहुणे असतील तर हेच पीठ लोणी लावलेल्या ट्रेमध्ये ओतून 225 अंशांवर साधारण 25 मिनिटं ओव्हनमध्ये ठेवते, आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसते.