वाटणीच्या दाव्याला मोफत वकील मिळाला

मोफत वकील फक्त फौजदारीतल्या आरोपींना मिळतो, असंच मला वाटायचं. आधीच्या खासगी वकिलांनी वीस हजार घेतले आणि दोन तारखांना आलेच नाहीत. भावांनी सातबाऱ्यावरून माझं नाव उडवलं होतं, हातात शिवणकामाचे पैसे तेवढे.

शेजारच्या ताईंनी सांगितलं म्हणून नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा कोर्टात, मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. अर्ज साध्या मराठीत, फी नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्नाची अटच नाही, हे तिथे कळलं. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांनाही हक्क आहे. दिवाणी दाव्यालासुद्धा! मात्र दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, हे बघतात. म्हणून सातबारा, फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद), आधार बरोबर न्या.

मिळालेल्या वकीलबाईंनी फेरफार ओळ न् ओळ वाचला, मलाही समजावला. इतक्या वर्षांत कुणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं, डोळ्यांत पाणीच आलं. कोर्ट फी, टायपिंग, नकला, कशालाच पैसे पडले नाहीत. दावा अजून चालू आहे. नाशिकला येणं जमत नसेल तर विधी सेवेच्या हेल्पलाइनला, १५१०० वर फोन करा.