चोरल ते कालाकुंड, भाड्याच्या ग्रॅव्हल सायकलवर: पैसे वसूल, पण टायरची हवा स्वतः बघा

मोबाईलवर इंदूरजवळच्या या राइडची जाहिरात आली होती, "एकही हॉर्न नाही, फक्त नदी नि जंगल", आणि मी राहतो इंदूरच्या लोकमान्य नगरात, जिथे सकाळी दुधाची पिशवी आणायला गेलं तरी चार ई-रिक्शा आडव्या येतात, तर म्हटलं बघू तरी कसलं ट्रॅफिक नसतं ते. सोबत भाची तयार झाली, वय 24, रोज जिमला जाणारी. माझं वय लिहीत नाही, गुडघे विचारू नका. माणशी 1600 रुपये, त्यात सायकल, हेल्मेट, एक गाइड पोरगा, चहा-पोहे आणि सायकली नेणारा छोटा हत्ती, म्हणजे तो लहान मालवाहू टेम्पो. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली थोड्या तक्रारी पण आहेत नि पोरं मेहनती आहेत.

आधी हे ग्रॅव्हल म्हणजे काय ते सांगतो, कारण बायकोनी पण हेच विचारलं होतं. ग्रॅव्हल म्हणजे सरळ आपली गिट्टी. सायकल दिसायला रेसवाली, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, डिस्क ब्रेक, आणि गिअर इतके हलके की चढावर पायी चालल्यासारखं हळूहळू चढता येतं. अमेरिकेत कॅन्सासमधे 2006 पासून याची रेस होते, 200 मैल म्हणजे जवळजवळ 320 किलोमीटर, सगळे कच्चे रस्ते, आणि 2022 पासून तर ग्रॅव्हलची वर्ल्ड चॅम्पियनशिप पण सुरू झाली, पहिली इटलीत. आपण केले एकूण 22 किलोमीटर, आणि त्यातला एक फाटा चुकून.

तर ट्रॅफिक नाही हे खरं आहे, पण अर्धंच. तिथे पोचायला खंडवा रोडच लागतो, तेजाजी नगर, सिमरोल, मग घाट, ट्रक नि बसेस, आणि तिथून जर कोणी मला सायकलवर चल म्हणाला असता तर मी घरीच झोपलो असतो. छोटा हत्ती हाच या पॅकेजचा खरा हिरो आहे. चोरल गावापर्यंत सायकली मागे बांधून आणि आपण पुढे दाटीवाटीनी बसून जायचं, मग गाव सोडलं की कच्चा रस्ता नदीच्या कडेनी आत जातो आणि दहा मिनिटांत खरंच काही ऐकू येत नाही, फक्त आपली चेन आणि टायरखालची गिट्टी.

घाट उतरताना भाचीला सांगत होतो की इथे पाण्याची वाटणी होते. वर माळव्यावर पडलेला पाऊस क्षिप्रा नि चंबळ घेऊन उत्तरेला जातात, यमुना, गंगा, तिकडे बंगालच्या उपसागरात. चंबळचा उगम तर महूजवळ जानापावला. आणि घाटाखाली पडलेला पाऊस चोरल नदी नर्मदेत नेते, म्हणजे अरबी समुद्र. ती म्हणाली, "मामा, आणि आपल्या नळाला कुठलं येतं?" आता नळाला तर नर्मदेचंच येतं, 1978 पासून, खाली नर्मदाकाठच्या जलूदहून पंपानी घाट चढवून वर आणतात. म्हणजे नदीला खाली जायचं असतं नि आपण तिला वर ओढतो आणि मग अंगण धुतो.

आता मुख्य तक्रार. हवा.

सायकली उतरवल्या तेव्हा मी सवयीनी टायर अंगठ्यानी दाबून बघितला, दगड. अंगठा आत जातच नाही. टायर 40 मिलिमीटर रुंदीचा, त्यात या लोकांनी पंपाच्या काट्यावर 60 पीएसआय भरलेली (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप). मी गाइडला म्हटलं की भिया जरा जास्त वाटून राहिली आहे, तर तो हसत म्हणाला, "काकाजी, टाइट हवा में पंचर नहीं होता." मी गप्प बसलो, कारण तो रोज करतो नि मी पहिल्यांदा आलेलो.

पुढचे चार किलोमीटर मी विसरणार नाही. तिथे रस्ता म्हणजे मुरूम, त्यात रुतलेले काळे दगड, बैलगाडीच्या नि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, आणि प्रत्येक दगड मला मनगटातून खांद्यापर्यंत कळत होता. चष्मा नाकावर नाचत होता. पाण्याची बाटली एकदा उडून झुडपात गेली. सागाचं जंगल दोन्हीकडे आहे, पानं तांबूस व्हायला लागलेली, ऊन त्यातून येऊन राहिलंय, आणि मी बघतोय काय तर पुढचा दीड फूट रस्ता. मागचं चाक दर चढावर जागच्या जागी फिरायचं कारण कडक टायर गिट्टीवरून नुसता उड्या मारतो, धरत नाही.

पहिल्या नदी-क्रॉसिंगला थांबलो तेव्हा एका दगडावर बसलो आणि गाइडकडे न बघता हवा भरायच्या वॉलची (व्हॉल्व्हची) टोपी काढली, या सायकलींचा वॉल बारीक असतो, टोकाची छोटी चाकी आधी सैल करायची मग दाबायचं, फिस्स करून थंड हवा बोटाला लागते. एक-दोन-तीन मोजत सोडली, अंगठा लावला, परत सोडली. जेव्हा अंगठा जोर लावल्यावर थोडासा आत गेला, म्हणजे माझ्या 70 किलोला साधारण 40 च्या आसपास आली असेल, तेव्हा थांबलो. मागच्या टायरमधे जरा जास्त ठेवली कारण वजन तिकडेच असतं.

आणि मग तीच सायकल, तोच रस्ता, नि मी दुसऱ्याच गावात. टायर दगडावर आदळायच्या ऐवजी त्याच्याभोवती जरा दबून पुढे जातो, चाक वर उडत नाही, मनगटं मोकळी. वेग पण वाढला! लोकांना वाटतं कडक टायर जास्त पळतो, डांबरावर ठीक आहे, पण कच्च्यावर प्रत्येक धक्क्याला आपण नि सायकल दोघं वर उचलले जातो नि ती ताकद फुकट जाते. त्यानंतर मी पहिल्यांदा मान वर करून बघितलं. समोर डोंगर, खाली हिरवं पाणी, पलीकडच्या काठावर एक म्हैस गळ्यापर्यंत बसलेली आणि तिच्या डोक्यावर बगळा.

पण याला पण एक मर्यादा आहे आणि ती भाचीनी शोधून काढली. माझं बघून तिनी पण हवा सोडली, जरा जास्तच, आणि पुढच्या उतारावर जोरात एका धारदार दगडाच्या कडेवर चाक गेलं, खट्ट! ट्यूब काढली तर शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. रिमच्या कडेत नि दगडात ट्यूब चिमटली की असं होतं. या गाड्यांमधे ट्यूब आहे न, म्हणून. ट्यूबलेस असती, आत ते दुधासारखं सीलंट टाकलेलं, तर हवा आणखी कमी ठेवता आली असती आणि बाभळीचे काटे पण आपोआप बुजले असते. 1600 घेतात तर तेवढं करायला हरकत नाही. गाइडला मात्र पूर्ण मार्क, त्यानी दहा मिनिटांत ट्यूब बदलली, आणि टायरच्या आतून बोटं फिरवून काटा राहिला नाही न ते बघितलं, जे मी कधी करत नाही. आणि मग स्वतःच्या सायकलची पण थोडी हवा सोडली, काही न बोलता. मी पण काही बोललो नाही.

नदी दोन-तीन वेळा ओलांडावी लागते. गाइडनी शिकवलं की जिथे पाणी खळखळ वाजतंय तिथून जायचं, तिथे दगड वर आहेत म्हणजे उथळ, आणि जिथे पाणी गप्प नि हिरवं आहे तिथे पाय पण टाकायचा नाही. आम्ही गेलो दिवाळीनंतर, पाणी पोटरीपर्यंत, सायकल खांद्यावर. पावसाळ्यात कोणी कितीही डिस्काउंट देऊ दे, जाऊ नका. वर घाटमाथ्यावर पाऊस झाला की खाली कोरड्या उन्हात पण पाणी अचानक वाढतं, 2011 मधे पातालपाणीच्या धबधब्यावर असंच पाणी वाढून एक कुटुंब वाहून गेलं, ते इंदुरात सगळ्यांना आठवतं. शिवाय काळी माती ओली झाली की चाकाला अशी चिकटते की सायकल ढकलता पण येत नाही.

कालाकुंड स्टेशनला पोचलो तेव्हा हेरिटेज ट्रेन यायची होती, ती पातालपाणीहून बोगदे नि पूल करत घाट उतरते, डिसेंबर 2018 मधे सुरू केलेली. लाइन मात्र फार जुनी, होळकरांच्या काळातली, तुकोजीराव दुसरे यांनी या खंडवा-इंदूर लाइनसाठी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं होतं, म्हणजे बघा कोण कोणाला कर्ज देत होतं. माझे आजोबा नोकरीसाठी खंडव्याहून याच मीटरगेजनी वर आले नि आमचं इंदूर सुरू झालं. त्या फलाटावर उभं राहून हे भाचीला सांगायला लागलो तर ती कलाकंदाच्या रांगेत. तिथला कलाकंद प्रसिद्ध आहे, पानावर देतात, गरम, दाणेदार, गोड बेताचा. मी दोन खाल्ले, एक घरी न्यायला घेतला.

आता बाकीचं पटकन. सायकली दोनच साइजच्या आहेत, माझी उंची पाच फूट चार, मला हँडल लांब पडलं आणि दुसऱ्या दिवशी मान धरली. ब्रेक पाण्यातून निघाल्यावर किंचाळतात, घाबरू नका, दोन-चारदा दाबले की गप्प होतात. हेल्मेटमधे आधीच्या माणसाचा घाम होता, खाली रुमाल बांधा. सात सांगून निघालो सव्वाआठला. पोह्यांवर जिरावण, म्हणजे आपला इंदुरी मसाला, नव्हतं, शेव होती पण जिरावण नाही, आणि हे इंदूरची कंपनी म्हणवतात.

त्या उशिराचा फटका परतीला बसला. दहापर्यंत रस्ता आमचाच होता, पण रविवार, बारा वाजता पिकनिकवाले जीप घेऊन नदीत उतरलेले, एकाचा स्पीकर, एकाची सिगडी, आणि आम्ही धूळ खात कडेनी. जाहिरातीतलं ते "एकही हॉर्न नाही" इथे संपलं, मी मोजले, सात.

ग्रॅव्हल सायकलच पाहिजे का? नाही. घरी जाड टायरची साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, असेल तर या रस्त्याला चालेल, चढावर जरा जड लागेल एवढंच. पैसे द्यायचे ते छोट्या हत्तीचे आणि कुठली वाट शेतात जाऊन संपते हे माहीत असलेल्या माणसाचे. आम्ही फाटा चुकलो तो माझ्यामुळे, मीच पुढे पळालो होतो.

पाचपैकी साडेतीन. जानेवारीत परत बुक केलंय, यावेळी शनिवार, आणि फोनवर आधीच सांगून ठेवलंय की सहाला गाडी दारात पाहिजे नि हवा 40 च्या वर नको. पलीकडून पोरगा म्हणाला, "काकाजी, अब सबको चालीस ही भरते हैं." तरी मी हवा मोजायचा छोटा काटा घेऊन ठेवलाय, आणि जिरावणाची पुडी पण.