जैसलमेरला वाळूत चालवायला गाडी भाड्याने घेताय? आधी आमचं वाचा

पैसे गेले ते गेले, पण कसे गेले ते लिहून ठेवतो, कारण आपल्या जळगाव-धुळ्याकडची पोरं हल्ली रील बघून राजस्थानला निघतात आणि आम्हीपण तसेच निघालो होतो. आणि माझं स्वतःचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, म्हणजे क्लचप्लेट विकणारा माणूस क्लचप्लेटमध्ये फसला, घरचे अजून हसतात.

26 जानेवारी सोमवारी आली होती, तीन दिवस सुट्टी. मी, चुलतभाऊ आणि दोन मित्र, शुक्रवारी दुपारी अमळनेरहून अर्टिगा काढली, धुळे, नवापूर, सुरत, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर करत शनिवारी दुपारी जैसलमेर. हजार-अकराशे किलोमीटर आहे, पाठीचा भुगा होतो. डिक्कीत बामणोदची भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ, कारण वाळूत भरीत पार्टी करायची होती ना!

पॅकेज मोबाईलवरच ठरलेलं. चौघांचे 34,000, त्यात वाळूत मुक्काम, जेवण आणि रविवारी सकाळी चार तास फोर बाय फोर थार स्वतः चालवायची. निम्मे आधी पाठवले. क्यूआरवर नाव वेगळंच येत होतं, विचारलं तर म्हणे "छोटे भाई का अकाउंट है". आम्ही म्हटलं असेल बुवा.

मुक्कामाचं जास्त सांगत नाही. "एकांतात कॅम्प" म्हणजे जैसलमेरजवळच्या सम गावच्या रस्त्याला लागून तंबूंची रांग, रात्री बारापर्यंत डीजे. भरीत केलं आम्ही, पण कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची चव काही आली नाही. ते सोडा.

खरा खेळ रविवारी. सकाळी सातला गाडी आली, थंडी अशी की हात खिशातून निघेना. गाडीला पांढरी नंबरप्लेट. मी बघितली आणि काही बोललो नाही, ही पहिली चूक. स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे लागतात, पांढरी म्हणजे घरगुती गाडी, ती भाड्याने देताच येत नाही आणि भाड्याने फिरताना काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. त्याने एक कागद पुढे केला, "बस फॉर्मॅलिटी है भाईसाब". सूर्य उगवत होता, पोरं फोटोच्या घाईत, मी बोनेटवर ठेवून सही ठोकली. नंतर वाचलं तेव्हा कळलं, त्यात लिहिलेलं की गाडी मित्राची आहे, भाडं न घेता वापरायला घेतली, नुकसान झालं तर भरपाई सही करणाऱ्याची. आणि डिपॉझिट 25,000, तेही त्याच छोट्या भावाला.

पहिला गिअर टाकला तेव्हाच पायाला कळलं होतं. क्लच पार वर आल्यावर धरत होता. म्हणजे पेडल जवळजवळ पूर्ण सोडलं तेव्हा गाडी हलली. दुकानात गिऱ्हाईक हे सांगतं तेव्हा मी न बघता म्हणतो, भाऊ प्लेट संपली तुझी. पण स्वतः वाळवंटात उभा असताना डोकं सुट्टीवर होतं.

दुसरं, टायरची हवा. वाळूत चालवताना हवा 15 ते 18 पर्यंत उतरवतात, टायर पसरतो आणि चाक वाळूवर तरंगतं, रस्त्यावर असते तशी तीसच्या वर ठेवली की चाक सरळ खाली घुसतं. मी म्हटलं हवा कमी करू का, तर सोबतचा माणूस म्हणे "रिम मुड जाएगी". म्हणजे रुतावी म्हणूनच सगळी सोय. आणि तिसऱ्या टेकाडावर ती रुतलीच! रुतल्यावर रेस द्यायची नसते, चाकाभोवतीची वाळू फावड्याने ओढून आल्या चाकोरीतून हळूच मागे घ्यायची, तापीच्या पात्रात ट्रॅक्टर अडकलेला ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. हा बाजूला बसून ओरडतोय "रेस दो, हाफ क्लच रखो!" भाऊ स्टेअरिंगवर होता, त्याने दिली, दोन मिनिटांत क्लचप्लेट जळाल्याचा तो वास, ज्याला माहितीये त्याला माहितीये.

आणि आता गंमत बघा, फोन केला नाही काही नाही, दहा मिनिटांत टेकाडामागून ट्रॅक्टर हजर. ओढायचे 4,000.

गाडी परत आणल्यावर हिशोब निघाला 42,000. प्लेट, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील, मजुरी आणि "गाडी चार दिन खड़ी रहेगी". मी म्हटलं चल, माझ्यासमोर गिअरबॉक्स उतरव, जुनी प्लेट दाखव, मी याच धंद्यात आहे. तर त्याचा आवाज बदलला. म्हणे तुम्ही गाडी डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत घातली, फॉरेस्टवाल्यांना बोलावतो. आता हे उद्यान 3,162 चौरस किलोमीटरचं, माळढोकासाठी राखलेलं, आणि तिथे कुठे हद्द सुरू होते हे बाहेरून आलेल्या माणसाला काय कळणार, रस्ता तर त्यानेच दाखवला होता! पण केसचं नाव काढलं की माणूस गार पडतो. चुलतभाऊ हळूच अहिराणीत म्हणाला, "आपण आठे कसाले उनूत भो?" म्हणजे इथे आलोच कशाला. पोलिसांना फोन करावा तर सहीचा कागद त्याच्या खिशात. घासाघीस करून डिपॉझिट सोडलं आणि वर 8,000 रोख दिले. ट्रॅक्टर धरून 37,000, पॅकेज वेगळंच.

दोन दिवसांनी त्याने व्हॉट्सअॅपवर जळलेल्या प्लेटचा फोटो पाठवला, पुरावा म्हणून. काळीठिक्कर प्लेट, खाली हिंदी पेपर, कोपऱ्यात अर्धा चहाचा ग्लास आणि प्लेट धरलेल्या अंगठ्यात लाल खड्याची अंगठी.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन केला, तो खरं तर त्याच तासात करायचा असतो म्हणजे खात्यातले पैसे अडवता येतात, तोवर छोट्या भावाने काढून घेतले असणार. धुळ्याचा एक वकील मित्र म्हणाला ग्राहक आयोगात जा. मी म्हटलं जैसलमेरला कोण चकरा मारेल, तर म्हणे 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. तो सहीचा कागद आड येईल का विचारलं, तर त्याने उलट विचारलं, भाडं न घेता दिली होती तर पॅकेजच्या चॅटमध्ये "थार चार तास" कशाला लिहिलंय? तेव्हा जीवात जीव आला. चॅट डिलीट केलं नव्हतं हे नशीब. जळगावला तक्रार टाकलीये, तारीख पडायचीये.

मागच्या आठवड्यात दुकानात शिरपूरचं एक ओळखीचं पोरगं आलं, तेही जैसलमेर करून आलेलं. सहज विषय निघाला, त्याने मोबाईल काढून फोटो दाखवला. तोच पेपर, तोच चहाचा ग्लास, तीच लाल खड्याची अंगठी. त्याच्याकडून 45,000 घेतलेत.