ऑर्किडचं नाव शोधायला आयपीएनआय आणि पॉवो: फुकट आहे, नक्की वापरा

जंगलात एखादं ऑर्किड दिसतं, हाताशी असलेल्या पुस्तकांत काही सापडत नाही आणि मग ग्रुपवर लगेच सुरू होतं, नवीन स्पीसीज मिळाली! अशा वेळी आधी आयपीएनआय (IPNI), म्हणजे जगभरातल्या वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची ऑनलाइन यादी, उघडा. लंडनचं क्यू गार्डन्स, हार्वर्डचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आणि ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय हर्बेरियम मिळून चालवतात, पैसे नाहीत की लॉगिन नाही. नाव टाकलं की ते कोणी दिलं, कुठे छापलं, कधी छापलं सगळं समोर. हॅबेनेरिया पांचगणीएन्सिस टाकून बघा, आपल्या पाचगणीवरून ठेवलेलं नाव, पुढे ते देणारे सांतापाव आणि कपाडिया दिसतील, मला तर फार भारी वाटलं ते बघून.

आता एक लक्षात घ्या, यादीत नाव आहे म्हणजे ते आज मान्य आहेच असं नाही, त्यासाठी क्यूचीच दुसरी साइट, पॉवो (POWO, प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन). फरक कळायला पेरूचं फ्रॅगमिपेडियम कोवाची बघा. जांभळट गुलाबी, तळहाताएवढं फूल. ऑर्किडप्रेमी मायकेल कोवाच यांनी ते रस्त्याकडेच्या स्टॉलवरून घेतलं आणि 2002 मध्ये परमिटशिवाय फ्लोरिडाच्या सेल्बी गार्डनमध्ये आणलं. तिथल्या लोकांनी घाईघाईत वर्णन छापलं, त्याच ऑर्किडला ऑर्किडतज्ज्ञ एरिक क्रिस्टेन्सन यांनी दिलेलं पेरुव्हियानम हे नाव काही दिवसांनी आलं आणि आधी छापलेलं नाव चालतं या नियमाने मागे पडलं. आयपीएनआयवर दोन्ही नावं आहेत, पॉवो सांगतं मान्य कुठलं. पुढे कोवाच आणि सेल्बी दोघांवर केस झाली, दंड झाला, कारण ही सगळी जीनस (जवळच्या स्पीसीजचा गट) CITES, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सगळ्यात कडक यादीत, अपेंडिक्स एकमध्ये आहे, आणि जंगलातली झाडं लोकांनी उपटून नेली ती नेलीच. मला याचा अजून राग येतो. म्हणून खरंच नवीन काही सापडलं तर जागा कुठेही टाकू नका प्लीज.

फोटोवरून ओळख मात्र इथे होत नाही हां. फुलाची लिप (वेगळी दिसणारी पाकळी), स्पर (तिच्या मागची नळी), कॉलम (मधला दांडा), पोलिनिया (परागांचे गोळे) किती हे बघून जीनसपर्यंत आपल्यालाच पोचावं लागतं, मग पॉवोवर त्या जीनसच्या स्पीसीज, कुठल्या देशात आहेत त्याचा नकाशा असं चाळत बसायचं. मूळ वर्णन जुनं असेल तर बीएचएलवर (BHL, जुन्या निसर्गविषयक पुस्तकांची ऑनलाइन लायब्ररी) बहुतेक वेळा स्कॅन मिळतो, तोही फुकट, फक्त लॅटिन वाचायची तयारी ठेवा, 2012 पासून इंग्रजी वर्णनही चालतं.

माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार.