पाळीच्या त्रासावर ‘कोकणी हळदी’च्या कॅप्सूल घेताय? आधी हे वाचा

कुडाळ-कणकवली पट्ट्यातल्या बचतगटांत सध्या एक ताई फिरतायत. मालवणीत गोड बोलतात, पिशवीत हळदीच्या कॅप्सूल. पोटदुखी, अनियमित पाळी, पीसीओडी, थायरॉइड, सगळ्यावर एकच ‘हार्मोन बॅलन्स’. आमच्या वहिनीने साडेपाच हजारांचा ‘कोर्स’ घेतला. पैसे ताईंच्या खासगी नंबरवर गेले, बिल आलंच नाही.

वहिनीच्या अंगावरून जास्त जायचं, हिमोग्लोबिन कमी, म्हणून सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या चालू होत्या. ताई म्हणाल्या, “त्यो गोळ्यो बंद कर. ही हळदच गो, काय होवचा नाय तुका.” पैशांपेक्षा या वाक्याचा मला राग जास्त आहे. हळदीतलं कर्क्युमिन लोहाला बांधतं, त्यामुळे अशक्त बाईला मोठी मात्रा उलटीच पडू शकते. रक्त पातळ करायची औषधं घेणाऱ्यांना आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांनाही ती धोक्याची. त्यात मिरीतलं पायपरीन घातलं की कर्क्युमिन कितीतरी जास्त शोषलं जातं; आमटीतली चिमूटभर हळद आणि ही कॅप्सूल एक नव्हे. पाळीच्या दुखण्यात कर्क्युमिनने थोडा आराम पडल्याचे छोटे अभ्यास आहेत, नाही असं नाही. पण वहिनी चक्कर येऊन पडली तेव्हा सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. ती हळदीने कशी विरघळणार?

मग मी बाटली नीट वाचली. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक १४ आकडी असतो, इथे दहाच आकडे. तो खरा आहे का हे त्यांच्या फॉस्कॉस साइटवर कुणालाही बघता येतं. पूरक आहारावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं, तेही नव्हतं. उलट ‘पाळीचे सर्व विकार बरे’ असा दावा! औषध म्हणून अशी जाहिरात करायला १९५४च्या जादूई उपायांविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे. आणि ‘कोकणची सेंद्रिय हळद’ म्हणे. आपल्याकडे परसात हळद लावतात ती बरीचशी पानांसाठी, त्या पानांत गोड पातोळ्या उकडतात म्हणून. कॅप्सूल भरण्याइतकी कुठून आणली, हे विचारल्यावर ताईंनी फोन उचलणंच सोडलं.

ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते, अन्न व औषध प्रशासनाकडेही. वहिनीकडे पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि ताईंचे व्हॉइस मेसेज होते, ते उपयोगी पडले. बाटल्या मात्र ती रागाने फेकायला निघाली होती. फेकू नका, उरलेल्या कॅप्सूलसकट जपून ठेवा. तपासणीला त्याच लागतात.