ट्रायबँड हँडी घेतली, वापरतोय दोनच बँड

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही, तसंही स्टिकर बदलून तोच सेट चार नावांनी विकतात. चिनी ट्रायबँड हँडी आहे, म्हणजे हॅम रेडिओचा (लायसन्सवाल्या हौशी लोकांचा) तीन बँडवर चालणारा हातातला वायरलेस सेट, यूएसबी-सी चार्जिंगवाली, डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात १० वॉट. दिवाळीत घेतली, आता चार महिने झाले, नव्याचे नऊ दिवस संपलेत, म्हणून खरं लिहितो.

तिसरा बँड २२० मेगाहर्ट्झचा. आता हा आपल्याकडे हॅमला मिळालेलाच नाहीये भिया! ते अमेरिकेकडचं प्रकरण, आपल्याला टू मीटर नावाच्या बँडवर १४४ ते १४६ आणि सत्तर सेंटी नावाच्या बँडवर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. मला माहीत नव्हतं असं नाही, परीक्षा देऊन लायसन्स घेतलंय, पण ट्रायबँड शब्द वाचला की हात खिशाकडे जातोच, दोन हजार जास्तीचे गेले. म्हणजे तिसऱ्या खोलीचं भाडं भरतोय आणि तिला कुलूप सरकारचं.

१० वॉटचं म्हणाल तर आमच्या सिनियर काकांकडे पॉवर मोजायचा मीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर गिळणारा डबा) आहे, तिथे लावला, टू मीटरवर साडेसहा वॉट आणि सत्तर सेंटीवर पाचसुद्धा नाही. काका म्हणाले, "अरे खरे १० असते तरी काय, ५ च्या दुप्पट म्हणजे ३ डीबी, समोरच्याला अर्धा एस-युनिट." म्हणजे त्याच्या सिग्नलच्या काट्यावर जेमतेम अर्धं घर. आणि तेवढ्यासाठी बॅटरी लवकर बसणार, सेट हातात तापणार.

खरी गोची रिसीव्हची, म्हणजे ऐकण्याची आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरला आमच्या गच्चीवर मी तांब्याच्या पाइपचा जे-पोल, म्हणजे इंग्रजी J च्या आकाराची उभी अँटेना, उभा केलाय. सेटच्या स्वतःच्या रबर अँटेनावर सगळं ठीक, पण जे-पोल लावला की हा बहिराच होतो! स्वस्त सेटमध्ये अख्खा रिसीव्हर एका चिपमध्ये असतो आणि तिच्या पुढे फिल्टर नावालाच, त्यामुळे मोठी अँटेना मिळाली की शहरातले एफएमवाले आणि बाकी सगळा गोंगाट एकदम आत घुसतो आणि आपल्याला हवा तो बारीक सिग्नल त्यात बुडतो. त्याच जे-पोलवर, त्याच वेळी, माझ्या जुन्या जपानी यासू एफटी-६० हँडीवर काका स्वच्छ ऐकू येत होते. जानापावला गेलो तेव्हा मात्र हाच सेट मस्त चालला, डोंगरावर गोंगाटच नाही ना.

अँटेनाची अजून एक गंमत. यासूच्या सेटवर एसएमएची (अँटेना पिळून बसवायच्या छोट्या कनेक्टरची) खोबण असते, याच्यावर पिन आहे, म्हणजे माझी जुनी लांब अँटेना यावर बसेचना. महाराणी रोडवरून अडॅप्टर आणला, पण लांब अँटेना त्यावर हलून हलून सॉकेट ढिलं होईल ही धास्ती राहते. त्यापेक्षा साधी रबर अँटेना ठेवून बुडाशी ४९ सेंटीमीटर वायर लोंबती सोडली, टू मीटरवर फरक लगेच कळला, खर्च शून्य.

स्पेस स्टेशनवरच्या रिपीटरसाठी (आपला आवाज पकडून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत खाली पाठवणाऱ्या सेटसाठी) घेत असाल तर नीट वाचा. वर बोलायचं १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झचा टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) लावून, ऐकायचं ४३७.८०० वर. त्यात डॉप्लरमुळे, म्हणजे स्टेशनच्या वेगाने फ्रिक्वेन्सी सरकते म्हणून, ते येताना साधारण १० किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढंच खाली ऐकावं लागतं, म्हणून मी पाच फ्रिक्वेन्सी सेटच्या मेमरीत भरून ठेवल्यात. ते जमतं. पण या सेटला फुल डुप्लेक्स (बोलता बोलता ऐकायची सोय) नाही, स्क्रीनवर दोन फ्रिक्वेन्सी दिसतात पण ऐकतो एका वेळी एकच, बटण दाबलं की कान बंद. आपला आवाज वर पोचला की नाही कळतच नाही, आणि मग लोक एकमेकांवर बोलत सुटतात. शेवटी ऐकायला दुसऱ्या हातात जुना बाओफेंग (स्वस्त चिनी हँडी) धरून उभा होतो, शेजारच्या काकू गच्चीवर वाळवण घालता घालता बघून राहिल्या होत्या.

तो २२० काढा आणि त्याच पैशात पुढे एक नीट फिल्टर द्या, फुल डुप्लेक्स द्या, आणि एफटी-६० ला मिळतो तसा साध्या पेन्सिल सेलचा डबा द्या, लाइट गेली तर किराणा दुकानातून सेल आणून बोलता येतं. पण जाहिरातीत फिल्टर दिसत नाही, बँड दिसतात.

यूएसबी-सी मात्र झकास, स्कूटीला लावलेल्या पावर बँकवर चार्ज होतो. पाचपैकी अडीच तारे, त्यातला एक त्या यूएसबी-सीचाच.